जमीन घेण्यापूर्वी : नगर नियोजन खात्याचा दाखला काय सांगतो व काय सांगत नाही

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी घर बांधण्यातील कष्टांना उद्देशून केली. आजच्या काळात त्या कष्टांत आणखी एकाची भर पडली आहे. घर बांधण्यासाठी घेतलेली जमीन घर बांधण्याजोगी आहे की नाही, हे आधी जाणून घेण्याचे ते कष्ट होत. आयुष्यभराची मिळकत खर्चून घेतलेल्या जागेवर पाया खणावयास जावे आणि येथे बांधकाम करता येत नाही असे उत्तर मिळावे, याहून मोठा आघात मध्यमवर्गीय कुटुंबावर क्वचितच होत असेल. वस्तुतः हे उत्तर इसार देण्यापूर्वीही मिळू शकते. ते देणारे कार्यालय म्हणजे नगर व ग्राम नियोजन खाते होय.

या खात्याविषयी सामान्य नागरिकांची समजूत बहुधा अशी असते की, येथे केवळ नकाशे मंजूर अथवा नामंजूर होतात आणि या कार्यालयाशी आपला संबंध बांधकामाच्या वेळीच येतो. ही समजूत अपुरी आहे. खात्याचा खरा उपयोग व्यवहार होण्यापूर्वीच अधिक असतो. गोव्यातील जमीनमालकांना व जमीन घेऊ इच्छिणाऱ्यांना हे खाते कोणते साहाय्य देऊ शकते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे कोणते देऊ शकत नाही, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जमिनीच्या दोन ओळखी

प्रत्येक जमिनीला दोन ओळखी असतात. ती कोणाची आहे, ही पहिली ओळख. आणि तिचे काय करता येते, ही दुसरी. पहिल्या ओळखीसाठी आपण एक-चौदाचा उतारा, जुनी खते व नोंदणी कार्यालयातील दप्तर पाहतो. दुसरी ओळख मात्र या कागदांत आढळत नाही. ती नियोजनाच्या आराखड्यात असते. उताऱ्यावर विक्रेत्याचे नाव स्वच्छ असले तरी जमीन बागायत विभागात असू शकते. उलटपक्षी जमीन वसाहत विभागात असली तरी ती विकणारा तिचा एकमेव मालक असेलच असे नाही. व्यवहारात फसगत होते ती बहुधा या दोन ओळखींपैकी एकच तपासल्यामुळे.

दुसरी ओळख ठरविण्याचा अधिकार गोवा, दमण व दीव नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ या कायद्याने दिलेला आहे. संपूर्ण राज्यासाठी प्रादेशिक आराखडा आणि शहरांच्या नियोजन क्षेत्रांसाठी बाह्य विकास आराखडा अशी दोन पातळ्यांवरील व्यवस्था या कायद्यात आहे. नियोजन क्षेत्रातील काम नियोजन व विकास प्राधिकरणे पाहतात. उर्वरित भागाचे काम खात्याची तालुका व जिल्हा कार्यालये पाहतात. म्हणून आपली जमीन यांपैकी कोणाच्या कक्षेत येते, हे नागरिकाने प्रथम विचारून घ्यावे. अर्ज चुकीच्या कार्यालयात दिल्याने अनेकांचे आठवडे वाया जातात.

आराखडे बदलतात, म्हणून दाखला ताजा हवा

गोव्याचा पहिला प्रादेशिक आराखडा, जो ‘२००१ चा आराखडा’ म्हणून ओळखला जातो, तो १९८६ साली अंमलात आला. त्यानंतरचा २०११ चा आराखडा २००६ साली अधिसूचित झाला. परंतु जनतेतून तीव्र विरोध झाल्याने २००७ च्या प्रारंभी तो मागे घेण्यात आला. पुढे ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कुरैया यांचा प्रमुख सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ चा आराखडा तयार केला. हा आराखडा गावनिहाय व सर्व्हे क्रमांकनिहाय नकाशांसह सिद्ध झाला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. २०१२ साली त्याची अंमलबजावणी स्थगित झाली व २०१८ पासून ती पुन्हा सुरू झाली.

याखेरीज २०१८, २०२३ व २०२४ या वर्षांत मूळ कायद्यात दुरुस्त्या होऊन विशिष्ट जमिनींचा विभाग बदलण्याच्या वेगळ्या तरतुदी करण्यात आल्या. या तरतुदींवरून ग्रामसभांत व न्यायालयांतही वाद उपस्थित झाले. त्यांपैकी २०२३ च्या दुरुस्तीखाली केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरविले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, एकाच सर्व्हे क्रमांकाचा नकाशावरील रंग चाळीस वर्षांत एकाहून अधिक वेळा बदललेला असू शकतो. विक्रेत्याने दहा वर्षांपूर्वीचा दाखला दाखविला, तर तो त्या वेळी खरा असेलही. पण आजच्या व्यवहाराला त्याचा आधार पुरेसा नाही. तसेच एखाद्या जमिनीचा विभाग अलीकडच्या काळात बदललेला असल्यास तो कोणत्या आदेशान्वये बदलला, तो आदेश राजपत्रात केव्हा प्रसिद्ध झाला आणि त्यास कोठे आव्हान दिले गेले आहे काय, हे तीन प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावेत.

विभाग दाखला कसा मिळवावा

जमीन कोणत्या विभागात आहे हे सांगणाऱ्या लेखी उत्तरास विभाग दाखला, अथवा रूढ भाषेत ‘झोनिंगचा दाखला’ म्हणतात. त्यासाठीचा अर्ज साधा असतो. गावातील जमिनीसाठी सर्व्हे क्रमांक व उपविभाग क्रमांक, एक-चौदाचा उतारा आणि भूमापन खात्याने दिलेला सर्व्हे नकाशा जोडावा. शहरातील जमिनीस सर्व्हे क्रमांकाऐवजी चलता क्रमांक व पी. टी. शीट क्रमांक असतो; तेथे ते क्रमांक व ‘डी’ नमुन्याचा उतारा द्यावा. जागेचे स्थान दाखविणारा नकाशा सोबत असल्यास काम सुकर होते. ठरावीक शुल्क भरून रीतसर पावती घ्यावी.

अर्ज करण्यासाठी मध्यस्थाची आवश्यकता नाही. आराखड्याचे नकाशे कार्यालयात पाहावयास मिळतात. खात्याच्या संकेतस्थळावरही ते पाहता येतात. परंतु नकाशा स्वतः पाहणे ही प्राथमिक चौकशी झाली. व्यवहार करावयाचा असल्यास कार्यालयाच्या सही-शिक्क्याचा लेखी दाखलाच घ्यावा. विक्रेता दाखल्याची छायाप्रत देत असेल, तर तिच्यावरील क्रमांक व दिनांक घेऊन कार्यालयातून तिची खातरजमा करून घेणे हिताचे ठरते.

रंगांमागील कारणे

दाखल्यात जे विभाग नमूद असतात, त्यांचा अर्थ थोडक्यात असा : वसाहत विभागात नियमांच्या अधीन राहून घर बांधता येते. बागायत व लागवडीयोग्य जमीन ही शेतीसाठी राखलेली असते. वने, खारफुटी, पाणवठे, भातशेती व खाजन जमिनी यांना २०२१ च्या आराखड्यात सर्वाधिक संरक्षण आहे. त्याखालोखाल बागायती, मिठागरे व तीव्र उताराचे डोंगर यांना आहे. औद्योगिक, व्यापारी, संस्थात्मक असे अन्य विभागही आहेत.

हे निर्बंध म्हणजे नकाशावर बसून मारलेल्या मनमानी रेघा आहेत, असा समज करून घेणे योग्य नव्हे. गोव्यातील जांभ्या दगडाचे सडे पावसाचे पाणी शोषून घेतात आणि तेच पाणी डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांतून व विहिरींतून वर्षभर मिळते. उतारावरील झाडी काढून डोंगर कापला, तर वरच्या घराला दृश्य सुंदर मिळेल. पण खालच्या वाड्याच्या विहिरीचे पाणी आटेल आणि पावसाळ्यात माती दारात येईल. खाजन जमिनींचेही तसेच. बांध व मानशी यांच्या साहाय्याने पूर्वजांनी भरती-ओहोटीचे पाणी आवरून त्या पिकाखाली आणल्या. मुसळधार पावसाचे पाणी सामावून घेण्याचे कामही त्या करतात. त्यांत भराव टाकल्यास ते पाणी शेजारच्या वस्तीत शिरणारच. म्हणूनच डोंगर कापण्यास व सखल जमीन भरण्यास मुख्य नगर नियोजकांची लेखी पूर्वपरवानगी कायद्याने आवश्यक केली आहे. आपण घेत असलेली जमीन कोणी आधीच कापून अथवा भरून सपाट केली असेल, तर त्या परवानगीची प्रत मागावी. ती नसल्यास मागील मालकाच्या कृत्याची चौकशी नव्या मालकाच्या दारी येण्याचा संभव असतो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक शिक्षक दांपत्य निवृत्तीनंतरच्या निवासासाठी जागेच्या शोधात आहे. दलाल त्यांना गावाबाहेरील काजूच्या बागेत नेतो. सर्व्हे क्रमांकाचे एकूण क्षेत्र ६,००० चौरस मीटर आहे. चुन्याच्या रेघांनी प्रत्येकी ४०० चौरस मीटरचे १२ भूखंड आखलेले असून मध्ये रस्ता सोडलेला आहे. दलाल सांगतो, “ही जागा सेटलमेंटमध्ये आहे,” आणि पुरावा म्हणून दाखल्याची प्रत दाखवितो. दाखल्यात लिहिलेले असते : अंशतः वसाहत, अंशतः बागायत.

‘अंशतः’ हा एक शब्द येथे सारा व्यवहार फिरवितो. वसाहत विभागातील अंश किती व तो कोणत्या बाजूस, हे नकाशावरच कळते. समजा, रस्त्यालगतचे १,५०० चौरस मीटर क्षेत्रच वसाहत विभागात आहे. मग ४०० चौरस मीटरचे फार तर तीन भूखंड त्यात बसतील. अंतर्गत रस्ता व मोकळी जागा वजा केल्यास तेवढेही नाहीत. उरलेल्या नऊ ग्राहकांना काजूची बाग मिळेल, घर नव्हे. म्हणून अशा जमिनीबाबत संपूर्ण सर्व्हे क्रमांकाचा दाखला न घेता आपला नियोजित भूखंड मापासह नकाशावर दाखवून त्या तुकड्यापुरते उत्तर मागावे.

दलालाचे दुसरे विधान असे असते की, “आता अविभक्त हिस्सा खरेदी करा, विभागणी पुढे होईल.” या वाक्यातील धोका नीट समजून घ्यावा. बाराव्या हिश्श्याचे खरेदीखत मिळाले म्हणजे चुन्याने आखलेला सातव्या क्रमांकाचा भूखंड आपला झाला, असे नव्हे. सर्व १२ जण समग्र जमिनीचे सहहिस्सेदार होतात. पुढे विभागणीस मंजुरी मिळाली नाही, अथवा एकाने सही नाकारली, तर प्रत्येकाचे घर अडून राहते.

विभागणीची मंजुरी

जमिनीचे भूखंड पाडावयाचे असल्यास त्याचा आराखडा नगर नियोजन खात्याकडून अथवा प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात प्रत्येक भूखंडाला पुरेशा रुंदीचा रस्ता, पाण्याचा निचरा व सार्वजनिक मोकळी जागा आहे की नाही, हे तपासले जाते. अशा भूखंडाच्या विक्रीखताच्या नोंदणीसाठी कायद्याच्या ४९व्या कलमाच्या सहाव्या उपकलमान्वये खात्याचा अथवा प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. ग्राहकाने हा दाखला म्हणजे निव्वळ एक औपचारिकता न मानता आपले संरक्षण मानावे. ज्या भूखंडास तो मिळू शकत नाही, त्याच्या मंजुरीत काहीतरी अपूर्ण आहे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

मंजूर आराखड्यात दाखविलेली मोकळी जागा व रस्ते हे पुढे विकता येत नाहीत. वसाहतीतील रहिवाशांनी मंजूर नकाशाची एक प्रत आपल्या संग्रही ठेवावी. दहा-पंधरा वर्षांनी मोकळ्या जागेत कोणी कुंपण घालू लागल्यास तीच प्रत उपयोगी पडते.

येथे आणखी एका कायद्याचे स्मरण ठेवावे. स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील अथवा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची विक्रीपूर्वी नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. भूखंडांच्या प्रकल्पांनाही तो लागू होतो. उपरोक्त उदाहरणातील दलालास नोंदणी क्रमांक विचारला असता, तर संभाषण तेथेच आटोपले असते.

भूखंड घेतला, पण घर केवढे होईल ?

जमीन वसाहत विभागात असली तरी मनात येईल तेवढे घर बांधता येत नाही. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती प्रमाणात बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते. तो विभागागणिक वेगळा असतो. निर्देशांक ६० असल्यास ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून ३०० चौरस मीटर बांधकाम होईल. ८० असल्यास ४०० चौरस मीटर. खेरीज भूखंडाच्या चारही बाजूंस सोडावयाचे अंतर, तळमजल्याने व्यापावयाचे क्षेत्र व इमारतीची उंची यांवरही मर्यादा असतात. या बाबी २०१० च्या गोवा भूविकास व इमारत बांधकाम नियमावलीत व तिच्या वेळोवेळीच्या दुरुस्त्यांत दिलेल्या आहेत.

रस्त्याच्या नियोजित रुंदीकडे ग्राहकांचे हमखास दुर्लक्ष होते. आज समोरचा रस्ता ६ मीटरचा असेल. आराखड्यात तो १० मीटरचा दाखविला असल्यास दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन मीटर जागा सोडावी लागते. भूखंडाची रस्त्याकडील बाजू २० मीटर असेल, तर ४० चौरस मीटर जागा रस्त्यात जाणार, आणि घरासाठी सोडावयाचे अंतर त्या नव्या रेषेपासून मोजले जाणार. किंमत ठरविण्यापूर्वी ही माहिती असलेला ग्राहक त्याप्रमाणे बोलणी करू शकतो. नंतर कळलेल्यास केवळ हळहळ उरते. विभाग दाखला मागतानाच ‘या जमिनीलगत अथवा जमिनीतून कोणता नियोजित रस्ता जातो काय’ हा प्रश्न अर्जात लिहावा.

बांधकामापर्यंतचा क्रम

विभाग दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे निःसंदिग्धपणे ध्यानात ठेवावे. त्यापुढील क्रम सामान्यतः असा आहे :

१. जमीन महसूल संहिता, १९६८ अन्वये जमिनीचा बिगरशेती वापर करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतर सनद घेणे. सनदेच्या अर्जावर नगर नियोजन, वन व मामलेदार कार्यालय यांचे अभिप्राय मागविले जातात.

२. नोंदणीकृत वास्तुरचनाकाराकडून अथवा अभियंत्याकडून नकाशे तयार करून नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, अथवा नियोजन क्षेत्रात प्राधिकरणाची विकास परवानगी घेणे.

३. पंचायतीकडून अथवा नगरपालिकेकडून बांधकाम परवाना घेणे.

४. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घेणे.

५. शेवटी पंचायतीकडून अथवा नगरपालिकेकडून वास्तव्य दाखला घेणे.

सदनिका अथवा तयार घर विकत घेणाऱ्याने हाच क्रम उलट्या दिशेने तपासावा. वास्तव्य दाखला आहे काय, तो कोणत्या नकाशाच्या आधारे दिला, तो नकाशा व प्रत्यक्ष इमारत यांत फरक आहे काय, असे पाहत जावे. मंजूर नकाशात तळमजल्यावर वाहनांची जागा दाखविली असून प्रत्यक्षात तेथे दुकान असेल, तर ती उणीव घर घेणाऱ्याच्या वाट्यास येते.

दाखला काय सांगत नाही

खात्याच्या दाखल्यावर जितका विश्वास ठेवावा, तितकेच त्याच्या मर्यादेचेही भान ठेवावे. तो मालकीविषयी काहीही सांगत नाही. गोव्यात मालकीची तपासणी अन्य प्रांतांहून थोडी वेगळी आहे. येथील कौटुंबिक कायद्याची परंपरा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली असून त्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. म्हणून स्थावर मालमत्तेच्या विक्रीखतावर दोघांच्याही सह्या आवश्यक असतात. मूळ मालकाच्या निधनानंतर वारसांची प्रक्रिया पूर्ण झाली आहे काय, हेही पाहावे लागते. एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. नोंदणी कार्यालयातील जुने पोर्तुगीज दप्तरही जाणकार वकिलाकडून पाहून घ्यावे.

दाखला कुळाविषयी व मुंडकाराविषयीही सांगत नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळास आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे. उताऱ्यावरील कुळाचा व अन्य हक्कांचा रकाना काळजीपूर्वक वाचावा आणि जागेवर स्वतः जाऊन शेजाऱ्यांशी बोलावे. जमिनीतून जाणारी पायवाट, शेजाऱ्याची पाण्याची वाट, कडेचे जुने देवस्थान या गोष्टी कागदावर नसल्या तरी गावाच्या स्मरणात असतात. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामास वापरण्यास १९९१ च्या कायद्याने मनाई आहे. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आलेले आहेत. कोमुनिदादीची जमीन असल्यास तिचे नियम आणखी निराळे आहेत.

त्याचप्रमाणे समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा प्रदेश, तसेच भरती-ओहोटीचे पाणी येणाऱ्या नद्या व खाड्यांचे काठ, हे किनारी नियमन क्षेत्रात येतात. तेथे वसाहत विभागाचा दाखला असला तरी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी स्वतंत्रपणे लागते. झाडीचा दाट भाग खाजगी वन म्हणून निश्चित झालेला आहे काय, हे वन खात्याकडे विचारावे. ‘सेटलमेंट आहे’ एवढ्या शब्दावर समाधान मानणाऱ्या ग्राहकाने या बाबी एकेक करून तपासाव्यात.

जमीनमालकास होणारे साहाय्य

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः ग्राहकाच्या बाजूने झाले. जमीनमालकासही या खात्याचे साहाय्य कमी नाही. भावंडांत वडिलोपार्जित भाटाची वाटणी करावयाची असेल, तर आधी विभाग दाखला घेतल्याने वाटणी न्याय्य होते. एकाच क्षेत्रफळाचे दोन वाटे दिसावयास समान असतात. पण एकात घर होते व दुसऱ्यात होत नाही, तर ते समान कसे? वाटणीनंतर उद्भवणारे अनेक कौटुंबिक कलह या एका प्रश्नाचे उत्तर आधी मिळविल्यास टळू शकतील. मुंबईस अथवा परदेशी राहणाऱ्या गोमंतकीयांनी तर आपल्या गावच्या जमिनीचे क्रमांक, उतारे व विभाग दाखले एका ठिकाणी जुळवून ठेवणे अगत्याचे आहे. मालक दूर आहे व कागद कोणी पाहत नाही, अशाच जमिनींवर लोभी माणसांची नजर जाते.

नवा आराखडा तयार होत असताना त्याचा मसुदा जनतेच्या अवलोकनासाठी ठेवला जातो व हरकती मागविल्या जातात. त्या मुदतीत मालकाने आपल्या सर्व्हे क्रमांकावर काय दाखविले आहे हे पाहावे. पिढ्यान्पिढ्यांचे राहते घर शेतजमिनीत दाखविले गेले असेल, अथवा पिकती भातशेती वसाहतीत दाखविली गेली असेल, तर दोन्ही चुकांवर लेखी हरकत घेण्याचा अधिकार नागरिकास आहे. हरकतीसोबत जुने घरपट्टीचे दाखले, सर्व्हे नकाशा व छायाचित्रे जोडावीत. ग्रामपंचायतीने आपल्या गावाचा नकाशा सूचना फलकावर लावून ग्रामसभेत समजावून सांगितल्यास शेकडो घरांचे काम होईल. या कामी गावातील शिक्षकांनी पुढाकार घेतल्यास तो मोठाच उपकार ठरेल. नकाशा वाचता येणे ही आता साक्षरतेचीच पुढची पायरी मानावयास हवी.

प्राधिकरणाने परवानगी नाकारल्यास नगर व ग्राम नियोजन मंडळाकडे अपील करण्याची तरतूद कायद्यात आहे. नकाराची कारणे लेखी मागून घ्यावीत. शेजारच्या जमिनीत चाललेल्या बांधकामाविषयी शंका असल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये मंजुरीच्या कागदांच्या प्रती मिळू शकतात.

इसारापूर्वीचे सात प्रश्न

वाचकांच्या सोयीसाठी वरील विवेचनाचे सार प्रश्नरूपाने देत आहोत. हे प्रश्न कागदावर उतरून घ्यावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून पैसे देऊ नयेत.

१. जमीन नियोजन क्षेत्रात येते की खात्याच्या कक्षेत ? विभाग दाखला कोणत्या दिनांकाचा आहे ?

२. ‘अंशतः’ असा शेरा असल्यास माझा भूखंड नेमक्या कोणत्या अंशात येतो ?

३. अलीकडे विभाग बदलला असल्यास कोणत्या आदेशाने व त्यास आव्हान दिले गेले आहे काय ?

४. भूखंडाची विभागणी मंजूर आहे काय ? नोंदणीसाठीचा ना-हरकत दाखला मिळेल काय ?

५. नियोजित रस्ता, डोंगरकापणी, भराव, किनारी क्षेत्र वा वन यांची बाधा आहे काय ?

६. रूपांतर सनद झालेली आहे काय व ती किती क्षेत्राची ?

७. मालक कोण, त्यांच्या पत्नीची वा पतीची व सर्व वारसांची संमती आहे काय, आणि कूळ वा मुंडकार आहे काय ?

यांपैकी पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे शोधण्यास नगर नियोजन खात्यापासून प्रारंभ करावा. सहावा जिल्हाधिकारी कार्यालयात, तर सातवा वकिलाकडे व प्रत्यक्ष गावात विचारावा.

विक्रेता घाई करील, ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ असेही सांगेल. प्रामाणिक विक्रेत्यास ग्राहकाच्या चौकशीचे भय नसते, कारण त्याचे कागद चौकशीतून अधिकच उजळून निघतात. ज्यास आठ-पंधरा दिवसांचा अवधी देणेही जड जाते, त्याच्या जमिनीसाठी आयुष्याची पुंजी देणे शहाणपणाचे नव्हे. खरेदीखत झाल्यानंतर जमिनीचा दोष दूर करणे कोणत्याही खात्याच्या हाती नसते. तो आधी दाखवून देणे मात्र नगर नियोजन खात्याच्या हाती आहे. नागरिकांनी त्याचा लाभ योग्य वेळी, म्हणजे इसार देण्यापूर्वी, घ्यावा.